खान्देशात ट्रेलरघरात बारा महिने राहायचं तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत कामासाठी दर काही महिन्यांनी गाव बदलणारे पुष्कळ आहेत: ठिबकचे फिटर, साक्रीकडच्या पवनचक्क्या आणि सौर प्रकल्पांवरचे तंत्रज्ञ, जिनिंगच्या हंगामात येणारे मेकॅनिक. शेतावर मुक्काम हलवू पाहणारी निवृत्त जोडपीही आहेत. ट्रेलरघरांबद्दल मिळणारी बहुतेक माहिती थंड देशांतली असते आणि तिथे सगळी धडपड घर उबदार ठेवण्याची असते. आपल्याकडे हिशेब उलटा आहे. सावली, पाणी आणि घट्ट जमीन या तीन गोष्टी जमल्या तर ट्रेलरघर परवडतं. एक जरी हुकली तरी सगळी बचत तिच्यातच जाते.

१. ट्रेलरघर म्हणजे नेमकं काय? कॅराव्हॅन आणि हे एकच का?

बोलताना लोक दोन्हीला कॅराव्हॅन म्हणतात, पण फरक मोठा आहे. मोटर कॅराव्हॅनला स्वतःचं इंजिन असतं, ट्रेलरघराला नसतं. ते जीप किंवा पिकअपच्या मागे जोडून ओढतात. कायम राहणाऱ्याला ट्रेलर सोयीचा, कारण घर एका जागी उभं करून गाडी बाजाराला, कामाला, दवाखान्याला नेता येते. इंजिन बिघडलं म्हणून घरच गॅरेजमध्ये, अशी वेळ येत नाही. दोन माणसांना १६ फूट लांब आणि ७ फूट रुंद ट्रेलर पुरतो: एक पलंग, ओटा, छोटं न्हाणीघर, दोन माणसांचं टेबल. यापेक्षा रुंद घेऊ नका. केळीच्या पट्ट्यातले शेतरस्ते आणि गावातले बोळ मोठ्या ट्रेलरला वळू देत नाहीत.

२. भाड्याच्या खोलीपेक्षा हे खरंच स्वस्त पडतं का?

एका जागी राहणाऱ्याला बहुतेक वेळा नाही. वर्षातून दोन-तीनदा गाव बदलणाऱ्याला, किंवा जागा फुकट अथवा नाममात्र भाड्यात मिळणाऱ्याला, हो.

हिशेब असा मांडा. समजा ट्रेलर ६ लाखांना पडला आणि १० वर्षांनी दीड लाखाला विकला. झीज साडेचार लाखांची, भागिले १२० महिने, म्हणजे महिना ३,७५० रुपये. त्यात टायर, सीलंट, बॅटरी बदलणं यासाठी महिना हजार-बाराशे बाजूला टाका. विमा, जागेचं भाडं, पाणी, गॅस यांचे तुमच्या गावचे आकडे वर मिळवा. कर्ज काढून घेतला असेल तर व्याजही धरा. इथेच बहुतेकांचं गणित फसतं. आलेली बेरीज खोलीचं भाडं, वीजबिल आणि दर बदलीला लागणारी अनामत व टेम्पो यांच्याशी ताडून पाहा.

दुसरा खड्डा डिझेलचा. रिकामी गाडी लिटरला १२ किलोमीटर देत असेल तर ट्रेलर जोडल्यावर ८ ते ९ धरा. म्हणून कमी हला, जास्त थांबा. एका जागी तीन-चार महिने मुक्काम झाला तरच ट्रेलर स्वस्त.

३. नवा बांधून घ्यावा की जुना घ्यावा?

जुना मिळाला आणि धड असला तर जुना. बघताना आतली सजावट सोडून द्या आणि या गोष्टी तपासा. चारही कोपऱ्यांत, खिडक्यांखाली आणि न्हाणीघराच्या दाराशी स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून पाहा. प्लायवूड मऊ लागलं तर पाणी मुरलेलं आहे आणि ती दुरुस्ती वरवर होत नाही. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर, नक्षी कितीही चांगली असो, बदलायचाच, कारण उभ्या ट्रेलरचे टायर चालून झिजत नाहीत, उन्हाने तडकतात. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. घरघर आली तर बेअरिंग गेलंय. चॅसिस नंबर कागदावर आहे तोच चॅसिसवर कोरलेला आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

नवा बांधत असाल तर पैसा छताच्या आणि भिंतींच्या इन्सुलेशनवर घाला (प्रश्न ६), ओट्याच्या ग्रॅनाइटवर नको. ग्रॅनाइट तर वजनासाठीही नकोच.

४. माझी गाडी ट्रेलर ओढेल का? वजन कुठे मोजायचं?

गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची कमाल मर्यादा दिलेली असते. ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरसाठी ती वेगवेगळी असते. तो आकडा आणि हुकावर खाली पडणाऱ्या भाराची मर्यादा, दोन्ही पाळायचे. इंजिनात ताकद आहे एवढ्यावर जाऊ नका. प्रश्न ओढण्याचा कमी आणि थांबवण्याचा जास्त असतो. ७५० किलोच्या पुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच.

वजन भुईकाट्यावर करा. जिनिंगजवळ, धान्य बाजाराजवळ भुईकाटे असतातच. तीन वेळा काटा करायचा:

पहिला, ट्रेलर सोडून नुसती गाडी. दुसरा, ट्रेलर जोडलेला पण त्याची चाकं काट्याबाहेर. दुसऱ्यातून पहिला वजा केला की हुकावरचा भार मिळतो. तिसरा, गाडी आणि ट्रेलर दोन्ही काट्यावर. तिसऱ्यातून पहिला वजा केला की ट्रेलरचं पूर्ण वजन.

पाणी, गॅस, धान्य, कपडे भरून काटा करा, रिकामा नको. हुकावरचा भार ट्रेलरच्या वजनाच्या साधारण १० टक्के असावा. तो फार कमी झाला, म्हणजे सामान मागे लादलं गेलं, की ६० च्या वेगाला ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावू लागतो. तसं झालं तर स्टिअरिंग सरळ धरून फक्त ॲक्सिलरेटर सोडा. जोरात ब्रेक मारला किंवा उलट स्टिअरिंग दिलं की ट्रेलर गाडीला आडवी करतो.

५. नोंदणी आणि विम्याचं काय?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६१ नुसार ट्रेलरची वेगळी नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरवर दिसावा लागतो. बांधून देणारा 'नोंदणीची गरज नाही' म्हणत असेल तर त्याच्याकडून घेऊ नका. मंजूर नमुन्याचा ट्रेलर आहे का, त्याचे कागद आधी मागा आणि आगाऊ रक्कम देण्यापूर्वी आरटीओत दाखवून घ्या. तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. ओढणाऱ्या गाडीच्या पॉलिसीतही ट्रेलरचा उल्लेख करून घ्या, नाहीतर अपघातानंतर दावा अडकतो. आतल्या सामानाचा विमा वेगळा काढावा लागतो.

चालत्या ट्रेलरमध्ये माणसाने बसायचं नाही, पोरांनी तर मुळीच नाही. तिथे सीटबेल्ट नसतो आणि ट्रेलर उलटला तर ओटा, कपाटं सगळं अंगावर येतं.

६. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो. पत्र्याच्या डब्यात माणूस राहील कसा?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि तसाच विचारायला हवा. तयारी न करता राहता येत नाही. तयारी केली तर दिवस सुसह्य होतो आणि रात्र स्लॅबच्या घरापेक्षा बरी जाते. स्लॅब दिवसभर ऊन साठवून मध्यरात्रीपर्यंत ओकत राहतो. ट्रेलरच्या भिंती हलक्या, त्यामुळे दिवस मावळल्यावर तासा-दीड तासात निवतात. दिवसा कामावर असणाऱ्याला हा मोठा फायदा आहे.

उपाय या क्रमाने करा, कारण पहिले दोन सोडून पुढचे केले तर पैसे वाया जातात.

छतावर सावली. खान्देशात मे अखेरीस दुपारचा सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो, म्हणून भिंतींपेक्षा छप्पर तापतं. ट्रेलरच्या वर दीड फूट मोकळी जागा सोडून मांडव घाला: बांबू किंवा जीआय पाइप आणि त्यावर ७५ टक्क्यांची शेडनेट. बाजूंना तीन-तीन फूट बाहेर येऊ द्या. नेट थेट छतावर अंथरली तर मधून वारा जात नाही आणि निम्मा उपयोग जातो. पळाट्यांचा किंवा तुराट्यांचा मांडव गार असतो, पण उन्हाळ्यात तो वाळलेला सरपणच. गॅस असलेल्या घरावर तो घालू नका.

उभं करण्याची दिशा. ट्रेलरची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त आखूड बाजूंवर पडतं. दार उत्तरेला. पश्चिमेच्या आखूड भिंतीत खिडकी असेल तर ती बाहेरून झाका. आतला पडदा फारसा कामाचा नाही, कारण ऊन काचेतून आत आल्यावर उष्णता आतच राहते.

इन्सुलेशन. छताला ५० मिलिमीटर आणि भिंतींना निदान ४० मिलिमीटर पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेली फळी). सांगाड्याचे लोखंडी पाइप बाहेरच्या आणि आतल्या दोन्ही पत्र्यांना भिडत असतील तर ती उष्णतेची वाट होते. मध्ये रबराची किंवा फोमची पट्टी बसवून घ्या. छताला पांढरा उष्णतारोधक रंग द्या आणि दर फेब्रुवारीत तो धुवा, कारण धुळीने तो तपकिरी झाला की निकामी.

वारा. छताच्या एका टोकाला १२ व्होल्टचा बाहेर हवा फेकणारा पंखा, आणि विरुद्ध टोकाला उत्तरेकडे, जमिनीलगत हवा आत यायला जाळी. दुपारी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असेल तेव्हा बंद, संध्याकाळी सहानंतर चालू.

कडुनिंबाची सावली कोणत्याही नेटपेक्षा चांगली. पण वळवाच्या पावसाआधी सुटणाऱ्या वादळात जुन्या फांद्या मोडतात. वाळकी फांदी डोक्यावर नाही ना, ते बघूनच झाडाखाली उभं करा.

७. कूलर घ्यावा की एसी?

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो. जूनमध्ये ढग आले, हवा दमट झाली की तो नुसता चिकचिक वाढवतो. कूलर खिडकीच्या बाहेर बसवा आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. ओली हवा बाहेर गेली नाही तर गारवा येत नाही. बोअरच्या क्षारांनी पॅड महिनाभरात दगड होतो, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून धुवा. त्याने डासही होत नाहीत. कूलर किती पाणी पितो हे प्रश्न ११ मध्ये आहे, आणि तो आकडा बघितल्याशिवाय कूलर ठरवू नका.

एक टनाचा एसी साधारण हजार ते बाराशे वॅट खेचतो. बाहेरची वीज जोडलेली असेल तरच त्याचा विचार करा. रात्रभराच्या एसीला पुरेल एवढी बॅटरी घेतली तर स्वस्त राहण्याचा मुद्दाच संपतो.

८. सोलर किती वॅटचं लागेल?

दोन माणसांचा रोजचा वापर असा निघतो: २८ वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे १६ तास म्हणजे ९०० वॅट-तास; ७ वॅटचे चार दिवे ५ तास, १४०; मोबाइल-लॅपटॉप २५०; ५० लिटरचा डीसी फ्रिज उन्हाळ्यात ६००; पाण्याचा पंप ५०. एकूण सुमारे दोन युनिट (एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास). त्यात १५० वॅटचा कूलर १० तास मिळवला की साडेतीन.

दिवसाला साडेचार तास पूर्ण ऊन आणि पाऊण हिस्सा प्रत्यक्ष मिळकत धरली तर ५४० वॅटचे दोन पॅनेल साडेतीन युनिटांना थोडे वर जातात. एक पॅनेल सव्वादोन मीटर लांब असतं आणि दोन्ही १६ फुटी छतावर मावतात. छत आणि पॅनेल यांत निदान दोन इंच मोकळी जागा ठेवा. मेमध्ये पॅनेलचा पृष्ठभाग ७० अंशांपर्यंत तापतो आणि पंचविशीच्या वर दर अंशाला उत्पादन सुमारे ०.३५ टक्का घटतं. म्हणजे भर उन्हात १५ टक्के वीज तशीच जाते. छतावर मांडव घातला असेल तर पॅनेल मांडवाच्या वर बसवा, किंवा उन्हात जमिनीवर मांडून १० मीटर, ६ चौरस मिलिमीटरच्या वायरने आत आणा.

एवढ्या पॅनेलला १२ व्होल्टची सिस्टिम नको. ८० अँपिअरच्या वर करंट जातो, वायर जाड लागते आणि जोड तापतात. २४ व्होल्ट घ्या: २५.६ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि ५० अँपिअरचा एमपीपीटी (पॅनेलची वीज बॅटरीत भरणारा चार्ज कंट्रोलर). जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन बरंच घटतं, पण तेव्हा कूलरही बंद असतो.

९. भर उन्हाळ्यात, कडक ऊन असताना बॅटरी चार्जच होत नाही. खराब झाली का?

बहुतेक वेळा नाही. लिथियम बॅटरीतली संरक्षक सर्किट सेलचं तापमान ४५ ते ५५ अंशांच्या वर गेलं की चार्जिंग तोडते. बॅटरी पुढच्या लोखंडी पेटीत किंवा बाहेरच्या डिकीत असेल तर मेमध्ये दुपारी हेच होणार. ती आत, पलंगाखाली, फरशीलगत हलवा आणि बाजूंनी चार इंच मोकळे सोडा. लेड-ॲसिड बॅटरी बंद पडत नाही, पण उष्णतेने तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, आणि तिचा गॅस निघत असल्यामुळे ती राहत्या जागेत ठेवता येत नाही.

१०. शेतमालक म्हणतात, पंपाच्या मीटरवरून वायर ओढून घ्या. चालेल का?

नको. शेतीची जोडणी घरासाठी वापरणं हा वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी जागामालकाच्या नावावर निघते. चांगुलपणाने जागा देणाऱ्या माणसाला त्यात ओढू नका. शिवाय शेतीची वीज ठरावीक तासच असते.

त्याच आवारात मालकाचं घर असेल तर घरगुती जोडणीवरून, सबमीटर बसवून वीज घ्या. २० ते ३० मीटर अंतराला ४ चौरस मिलिमीटरची तीन तारी केबल, ट्रेलरच्या तोंडाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच), आणि चॅसिसला वेगळं अर्थिंग. ट्रेलर रबरी टायरवर उभा असतो, म्हणून अर्थिंग नसताना गळती झाली तर सगळा पत्रा जिवंत होतो आणि पाऊल चिखलात ठेवून दाराची कडी धरणाऱ्याला झटका बसतो.

११. पाणी किती लागतं आणि साठवायचं कसं?

काटकसरीने माणशी ३० लिटर. दोघांचे ६०. कूलर कोरड्या उन्हात तासाला ५ ते ७ लिटर उडवतो, म्हणजे दहा तासांचे आणखी ६० च्या आसपास. मेमध्ये दिवसाला १२० लिटर धरा.

ट्रेलरमध्ये २०० लिटरची टाकी पुरे. ती ॲक्सलच्या वर बसवा; पुढे-मागे बसवली तर पाणी भरल्या-संपल्यावर हुकावरचा भार बदलत राहतो. मुक्कामात बाहेर सावलीत ५०० लिटरची वेगळी टाकी ठेवा आणि गरजेप्रमाणे आत ओढा. धुळे-जळगावसारख्या शहरांतही नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे शहरालगत राहणाऱ्यालाही साठवण टळत नाही. पिण्याचं पाणी वेगळं. बोअरचं पाणी क्षारमापकावर ५०० च्या वर दाखवत असेल तर २० लिटरचा जार आणा. काळी टाकी उन्हात ठेवली तर दुपारी अंघोळीचं पाणी चटके देतं, म्हणून तिला गोणपाट गुंडाळा.

१२. सांडपाणी आणि संडास?

मोरीच्या पाण्याला शोषखड्डा सुचवला जातो, पण काळ्या मातीत तीन बाय तीन बाय तीन फुटांचा नेहमीचा खड्डा पावसाळ्यात तुंबतो. ही माती ओली झाली की फुगते आणि पाणी मुरूच देत नाही. मुरमाड जागा मिळाली तर खड्डा करा. नाहीतर पाणी जाळीतून गाळून केळी, शेवगा, कडीपत्ता यांच्या आळ्यात रोज वेगवेगळ्या ठिकाणी सोडा, विहिरीपासून लांब.

संडासासाठी २० लिटरची कॅसेट (काढून रिकामी करता येणारी मैल्याची टाकी) दोघांना तीन ते चार दिवस जाते. ती ओतायची ती सेप्टिक टँकमध्येच: मालकाच्या घरच्या किंवा परवानगी घेऊन लॉजच्या. नाल्यात, बांधावर कधीच नाही. फॉर्मेलिनवाली निळी औषधं टाळा, त्यांनी टँकमधले जिवाणू मरतात. एन्झाइमवालं औषध वापरा. उन्हाळ्यात कॅसेट दुसऱ्याच दिवशी वास मारते, तेव्हा ती दोन दिवसांवर आणा.

१३. पत्त्याचा पुरावा नसताना गॅस कसा मिळेल?

५ किलोचा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. तो सिलिंडर बाहेरच्या, फक्त गॅससाठी केलेल्या पेटीत उभा ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळाला तर तळाशी साचतो, म्हणून पेटीच्या आणि ओट्याखालच्या कपाटाच्या तळाला भोकं हवीत, वर नव्हे. नारिंगी सुरक्षा नळी छापील मुदतीत बदला. प्रवासात रेग्युलेटर बंद. दाराशी २ किलोचं एबीसी (कोरड्या पावडरचं) अग्निशामक टांगा. ओट्याच्या मागे टांगलेलं आगीच्या वेळी हाती लागत नाही. थंडीत शेगडी आत पेटवून झोपू नका, बंद ट्रेलरमध्ये त्याने जीव जातो.

१४. ट्रेलर उभा कुठे करायचा? जागामालकाशी काय ठरवायचं?

गावठाणातली मोकळी जागा किंवा अकृषिक प्लॉट सगळ्यांत निर्धोक. शेतात काही दिवस थांबणं वेगळं आणि बारा महिने राहणं वेगळं; शेतजमीन दुसऱ्या कामाला वापरण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ची बंधनं आहेत. तलाठ्याला आधी विचारा. मालकाशी साध्या लेखी करारात भाडं, वीज, पाणी, सांडपाणी, निघण्याची मुदत आणि 'जागेवर कोणताही हक्क सांगणार नाही' हे वाक्य येऊ द्या. हे वाक्य मालकाचा विश्वास मिळवतं. सातबारावर नाव असलेल्या माणसाचीच सही घ्या; पुतण्याने तोंडी दिलेली जागा काका आल्यावर जाते. पोलीस पाटलांना ओळखपत्राची प्रत देऊन कळवा. अनोळखी ट्रेलरबद्दल गावात शंका येणं साहजिक आहे आणि ती पहिल्याच दिवशी मिटलेली बरी.

१५. धडगाव, अक्कलकुवा, नवापूरकडे जागा भाड्याने घेताना काही वेगळं आहे का?

आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला भाडेपट्ट्यानेही देण्यासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार पूर्वपरवानगी लागते. त्यामुळे तोंडी ठरवून दीर्घ मुक्काम टाकू नका. ग्रामपंचायतीमार्फत किंवा काम देणाऱ्या संस्थेच्या आवारात जागा बघा. वनजमिनीवर आणि यावल अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय रात्र काढायची नाही.

१६. पावसाळ्यात ट्रेलर काळ्या जमिनीत रुतला. काय करावं?

आधी ओढू नका. ओल्या काळ्या मातीत चाक फिरवलं की ते आणखी खाली जातं, आणि ट्रॅक्टरने तिरपं ओढलं तर हुकाचा दांडा वाकतो. पाणी टाकी रिकामी करा, सामान उतरवा, जॅकखाली रुंद फळी घालून एकेक चाक उचला, खाली दगड-मुरूम दाबा, आणि ट्रॅक्टरने अगदी सरळ रेषेत ओढा. पाऊस उघडून तीन-चार दिवस थांबता आलं तर थांबाच.

असं होऊ नये म्हणून मे महिन्यातच २० बाय १० फुटांचा, अर्धा फूट जाडीचा मुरमाचा ओटा करून घ्या. हिशेबाने १०० घनफूट, म्हणजे एक ब्रास. दाबल्यावर बसतो म्हणून सव्वा ब्रास मागवा आणि रॉयल्टीची पावती घ्या. रस्त्यापासून ओट्यापर्यंत दोन चाकपट्ट्याही मुरमाच्या हव्यात, नाहीतर घर कोरडं आणि गाडी चिखलात. जॅकखाली दीड फूट चौरस काँक्रीटचे ठोकळे ठेवा. ही जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, म्हणून महिन्यातून एकदा लेव्हल लावून जॅक सारखे करा. दार अडकू लागलं तर तोच पहिला इशारा. पीक निघालेलं जुनं खळं मिळालं तर फारच छान, ती जमीन आधीच घट्ट असते.

१७. वाळवी, उंदीर आणि सापांचा बंदोबस्त?

वाळवी जॅकखालच्या लाकडी फळीतून वर चढते आणि प्लायवूडमध्ये शिरते. म्हणूनच काँक्रीटचे ठोकळे. उंदीर धान्यासाठी येतात आणि वायर कुरतडतात. वायर पाइपातून न्या, फरशीतली भोकं स्टीलच्या जाळीने आणि सिमेंटने बुजवा. उंदरामागे साप येतो. भोवतालचं पाच फूट गवत काढा, ट्रेलरखाली सरपण किंवा रिकामी खोकी ठेवू नका, रात्री उतरताना पायरीवर उजेड हवा. दंश झालाच तर चिरणं, आवळून बांधणं काही करू नका. माणसाला हलू न देता १०८ ला फोन करा.

१८. आधार, रेशन, मतदान आणि मुलांची शाळा यांना पत्ता कोणता द्यायचा?

एक पक्का पत्ता ठेवावाच लागतो, बहुधा आई-वडिलांचा किंवा भावाचा. आधारमध्ये कुटुंबप्रमुखाच्या संमतीने त्याचा पत्ता लावता येतो. रेशन 'एक देश, एक रेशनकार्ड' सोयीमुळे दुसऱ्या गावच्या दुकानातही अंगठा देऊन मिळतं. मतदार यादीत नाव एकाच ठिकाणी ठेवा. शाळेसाठी शिक्षण हक्क कायदा, २००९ पाठीशी आहे: दाखला यायला उशीर झाला म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. तरी मुलं असतील तर मुक्काम शैक्षणिक वर्षाला धरूनच हलवा.

१९. कोणत्या घाटात जपावं?

तोरणमाळच्या चढावर आणि धडगावकडच्या चांदसैली घाटात लांब ट्रेलर नेऊच नका. वळणं आखूड आहेत आणि मागे घ्यायला जागा नाही. चाळीसगाव-कन्नडच्या औट्रम घाटात वाहतुकीचे निर्बंध लागतात, निघण्यापूर्वी चौकशी करा. साक्री-नवापूरमधला कोंडाईबारी आणि शिरपूरच्या पुढचा बिजासन घाट जमतात, पण ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापून सुटतात. दुपारी बारा ते चार प्रवास टाळा, तापलेल्या डांबरावर जुने टायर फुटतात. निघाल्यावर ५० किलोमीटरवर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळा.

२०. जुन्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवर घर बांधलं तर स्वस्त पडेल ना?

बांधायला स्वस्त, वापरायला नाही. ट्रॉली शेतमालासाठी नोंदलेली असते. तिचं रूप बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परवानगी लागते. बहुतेक ट्रॉल्यांना धड स्प्रिंग नसतात, त्यामुळे आतली कपाटं, पाइप, सोलरचे जोड खडखडून सुटतात. उंच बांधलं की ती कलंडते. मालकाच्या शेतात कायम एका जागी ठेवायची खोली म्हणून ठीक. रस्त्यावर न्यायचं घर म्हणून नको.

२१. घरात सत्तरीपुढचे आई-वडील आहेत. त्यांना घेऊन ट्रेलरमध्ये राहावं का?

ऑक्टोबर ते मार्च आनंदाने राहा. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पहाटे चांगलीच थंडी पडते. दोन गोधड्या आणि भिंतीतला ओलावा जायला वरची एक झडप उघडी, एवढं पुरे. पायरी आठ इंचांपेक्षा उंच नको आणि दाराला दोन्ही बाजूंनी धरायला दांडा हवा.

एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत मात्र, बाहेरच्या विजेवर चालणारा एसी नसेल तर, त्यांना दुपारी ट्रेलरमध्ये ठेवू नका. हृदयाचा, मधुमेहाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर हे दिवस पक्क्या घरातच काढावेत. बोलणं असंबद्ध होणं, कातडी तापलेली लागणं, उलटी, डोळे फिरणं ही उष्माघाताची लक्षणं आहेत. अशा वेळी सावलीत झोपवून कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला, आणि १०८ ला लगेच फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडाने पाणी पाजू नका. ट्रेलर मुक्कामाला लावतानाच जवळचं ग्रामीण रुग्णालय किती लांब आहे आणि पावसात तो रस्ता चालू राहतो का, हे विचारून दाराच्या आतल्या बाजूला ठळक अक्षरांत लिहून ठेवा.